ब्रिटनमधला वशिला: भ्रष्टाचार की आणीबाणीतली घाई?

टेम्सकाठी
‘भ्रष्टाचार आपल्याकडे, तिकडे सगळं नियमानं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा धागा. कोविडात ब्रिटिश सरकारनं मास्क-गाऊनच्या खरेदीसाठी एक ‘व्हीआयपी लेन’ उघडली होती. खासदार, मंत्री, बडे अधिकारी यांनी एखाद्या पुरवठादाराचं नाव सुचवलं की त्याचा अर्ज त्या रांगेत. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा नोव्हेंबर २०२० चा अहवाल वाचा: या रांगेतल्या ४९३ पैकी ४७ जणांना कंत्राट मिळालं, साध्या रांगेतल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना. म्हणजे दहात एक विरुद्ध शंभरात एकही नाही. पीपीई मेडप्रो ही कंपनी मे २०२० मध्ये स्थापन झाली आणि जूनमध्ये तिला २० कोटी पौंडांहून जास्त रकमेची दोन कंत्राटं मिळाली. नाव सुचवणाऱ्या कोण? संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, सदस्य मिशेल मोन. याला वशिला नाही तर काय म्हणायचं?

रोखठोक
घाई म्हणायचं. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या नर्सेस कचऱ्याच्या पिशव्या अंगावर चढवून काम करत होत्या. तेव्हा टेंडर काढत बसायचं होतं का? आणि तुम्ही ज्या अहवालाचे आकडे देताय, त्यातच लिहिलंय की खरेदीच्या निर्णयांत मंत्र्यांनी हात घातल्याचा पुरावा सापडला नाही. तेवढं बरं गाळलंत!

टेम्सकाठी
गाळलं नाही, त्याकडेच येत होतो. कुणाची शिफारस कुणी केली याच्या नोंदी सगळ्या ठेवल्याच नव्हत्या, हेही त्याच अहवालात आहे. वहीच कोरी, मग पुरावा कुठून मिळणार? जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं ही लेन बेकायदा ठरवली, ते घाईत बसतं का?

रोखठोक
अर्धाच निकाल सांगताय. लेन नसती तरी त्या खटल्यातल्या कंपन्यांना कंत्राटं बहुधा मिळालीच असती, असंही कोर्टानं म्हटलं. सरकारनं मेडप्रोवर केलेल्या दाव्याचा ऑक्टोबर २०२५ चा निकाल तर तिनं पुरवलेले गाऊन निर्जंतुक असल्याचं सिद्ध न झाल्याबद्दल आहे, वशिल्याबद्दल नाही. मोनबाईंनी गैरव्यवहाराचे आरोप फेटाळलेत. तरी कंपनीला १२.२ कोटी पौंड परत करायला सांगितलेच ना? व्यवस्था काम करते ती अशी.

साधा करदाता
वसुली झाली का, ते विचारा की! निकालाच्या आदल्या दिवशीच कंपनीनं दिवाळखोरीचा रस्ता धरला. मुदत उलटली, पैसे आले नाहीत.

कोथरूडकर
हे काय तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षापुरतं आहे होय? सत्तेत येऊन तीन महिने होतात न होतात तोच मजूर पक्षाच्या स्टार्मरना सहा हजार पौंडांहून जास्त भेटवस्तूंचे पैसे परत करावे लागले.

टेम्सकाठी
ते वाईटच. पण त्यांनी त्या जाहीर तरी केल्या होत्या, आणि भरले स्वतःच्या खिशातून. बारा कोटींच्या शेजारी सहा हजार ठेवून फिट्टंफाट म्हणायचं असेल तर म्हणा.

रोखठोक
फिट्टंफाट कुणी म्हटलं? मी पुरावा मागतोय. लेन वाईट होती हे मान्य. पैसे कुणी खाल्ले ते सांगा, नावानिशी.