सोरायसिसला अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल द्यायच्या का?

सांगलीकर_मुलगा: बाबांना सोरायसिस आहे, आधी कोपर-गुडघ्यावर होता आता पाठभर पसरलाय. डॉक्टरांनी ॲसिट्रेटिन चालू केलं आणि म्हणाले हे व्हिटॅमिन एच्याच घराण्यातलं. आई म्हणते मग त्याच्या जोडीला कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणि गाजर पण देऊया, लवकर गुण येईल. द्यावं का?

औषधवाला_दादा: कॅप्सूल अजिबात देऊ नका!! गाजर जेवणात खाऊ देत, त्यातल्या कॅरोटीनपासून शरीर लागेल तेवढंच ए बनवतं. कॉड लिव्हरमध्ये मात्र तयार व्हिटॅमिन ए असतं, ॲसिट्रेटिनबरोबर घेतलं तर दोन्हींचा डोस एकावर एक चढतो आणि लिव्हरला त्रास होतो.
आता कारण सांगतो. पेशीत व्हिटॅमिन एचं रेटिनॉइक ॲसिड होतं, ते केंद्रकातल्या आरएआर या रिसेप्टरला (म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं (हा १९८७ साली सापडला), मग तो आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर डीएनएवर बसून कुठली जीन्स चालू करायची ते ठरवतो. आरएआरच्या प्रकारांपैकी त्वचेत आरएआर-गॅमा सगळ्यात जास्त. निरोगी त्वचेतली पेशी खालून वर येऊन गळायला साधारण महिना घेते, सोरायसिसमध्ये ३ ते ५ दिवसांतच वर येते, म्हणजे पिकायच्या आतच, म्हणून ते पांढरे पापुद्रे. ॲसिट्रेटिन याच रिसेप्टरांमार्फत पेशींची ही घाई कमी करतं. बाबांचा आजार काही व्हिटॅमिन कमी पडल्यामुळे झालेला नाही, त्यामुळे ते जास्त देऊन काय होणार.

गौरी_ठाणे: मला टॅझरोटीन जेल होतं (याच घराण्यातलं, पण वरून लावायचं), ते आरएआर-बीटा आणि गॅमावरच काम करतं. पहिले काही दिवस आग आग व्हायची. सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, प्रेग्नन्सीचा विचार आहे का. बायकांनी हे नीट लक्षात ठेवा, ॲसिट्रेटिन बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात, बाळात व्यंग येऊ शकतं. त्यात दारू घेतली तर शरीरात त्याचं एट्रेटिनेट (याच घराण्यातलं दुसरं द्रव्य) बनतं, ते चरबीत कितीतरी महिने राहतं.

सांगलीकर_मुलगा: धन्यवाद दोघांना, आईला वाचून दाखवलं, कॅप्सूलची बाटली कपाटात गेली. बाबांचे ओठ खूप फुटतायत ते यामुळेच का? आणि डॉक्टरांनी डी व्हिटॅमिनचं मलम पण दिलंय, ते चालेल ना?

औषधवाला_दादा: हो ओठ यामुळेच, पेट्रोलियम जेली लावत राहा. मलम चालेल, डीचा रिसेप्टर पण त्याच आरएक्सआरशी जोडी जमवतो बरं का. लिव्हर आणि कोलेस्ट्रॉल-ट्रायग्लिसराइडच्या रक्ततपासण्या सांगितल्या असतील त्या चुकवू नका, पहिला रिपोर्ट कधी आहे?