थर्ड रो एसयूव्ही घेतोय, पॉवर सीटची भीती बाळगावी का?

वांगीभात (ऑस्टिन): नमस्कार मंडळी. 2021 ची किया टेलुराइड (तीन रांगांची एसयूव्ही) बघतोय, एकाच मालकाची. बजेट 27 हजार डॉलर, त्यावर एक सेंट नाही. घरात 4 वर्षांची लेक, 2 वर्षांचा मुलगा आणि नोव्हेंबरपासून आई-बाबा येतायत. आईचे गुडघे दुखतात म्हणून पॉवर सीट, म्हणजे बटणाने मोटरवर सरकणारी, हवी. पण 2024 मध्ये याच गाडीचा सीटवरून रिकॉल झालाय (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या) असं वाचलं. शिवाय लेकीला बटण दिसलं की ते दाबल्याशिवाय चैन पडत नाही. काय करू?

डॅलसकर: टोयोटाची मिनीव्हॅन सिएना घ्या. आमची दीड लाख मैल झाली, कुरकुर नाही. 38 पर्यंत गेलात तर हायब्रिड मिळेल.

वांगीभात: 27 म्हटलंय हो.

तर्रीबाज: होंडाची मिनीव्हॅन ओडिसी. सीट हाताने सरकते, मोटर नाही, कटकट नाही.

सर्किट_बोर्ड: आधी रिकॉल समजून घ्या. 2020 ते 2024 च्या टेलुराइड, अमेरिकेत सुमारे 4 लाख 63 हजार गाड्या. पुढच्या सीटच्या बाजूचं कव्हर किंवा सीट मागेपुढे करायचा नॉब यांना धक्का बसला की आतला स्विच जागचा हलतो. नॉब अडकतो, मोटर चालूच राहते आणि तापते. एका गाडीत सीटखाली आग लागल्याची नोंद आहे. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर, घरापासून लांब लावायला सांगितलं होतं. डीलर स्विचच्या कव्हरला ब्रॅकेट बसवतो, नॉब बदलतो. फुकट, गाडी सेकंडहँड असली तरी. गाडीचा 17 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता सुरक्षा खात्याच्या साइटवर टाका. एकही रिकॉल बाकी नाही असं दिसलं तरच पैसे द्या. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

डॅलसकर: आगीचा रिकॉल असलेली गाडी मुलांसाठी? सिएना घ्या.

सर्किट_बोर्ड: तर्रीबाज, हाताने सरकणाऱ्या सीटचाही भरवसा नाही. 2011 ते 2016 च्या ओडिसीच्या दुसऱ्या रांगेतल्या सीट नीट लॉक होत नव्हत्या. 6 लाखांवर गाड्या परत बोलावल्या.

तर्रीबाज: माझी 2019 ची आहे. तिला काहीही झालेलं नाही.

मेथीची_जुडी: आगीपेक्षा रोजचा धोका सांगते. आमच्या गाडीत (कंपनी सोडा) इंजिन बंद केलं की ड्रायव्हरची सीट आपोआप मागे यायची, उतरायला सोपं जावं म्हणून. मागे मुलगा बूस्टरवर (मुलांना उंच बसवणारी बैठक), बूट माझ्या सीटच्या पाठीला टेकवलेले. सीट येत राहिली, गुडघे पोटाशी गेले, तो किंचाळला. मी मेमरीचं (सीटची जागा लक्षात ठेवणारं) बटण दाबलं तेव्हा थांबली. हाड शाबूत, पण नडगी काळीनिळी. सेटिंगमध्ये 'इझी एक्झिट' पहिल्या दिवशी बंद करा.

कोथरूड_कट्टा: इथे पुण्यात आमच्या गाडीत किल्ली नसतानाही ड्रायव्हरची सीट हलते. नातवाला पाच मिनिटंसुद्धा गाडीत एकटं सोडत नाही. सीटखाली पडलेलं खेळणं काढायचं तर मीच काढतो, आणि तेव्हा बटणाला कुणी हात लावायचा नाही. आणि तो रिकॉल तपासाच.

सर्किट_बोर्ड: सीट थांबलेली असली तरी जपून. 2017 च्या फोर्ड एक्सप्लोररच्या पुढच्या पॉवर सीटच्या फ्रेमची कड धारदार होती. सीट आणि कन्सोलच्या (दोन सीटमधला कप्पा) फटीत हात घालणाऱ्या 31 जणांना इजा झाल्याच्या तक्रारी होत्या.

मैना_ह्यूस्टन: 4 वर्षांच्या मुलीला बूस्टर नको, हार्नेसवालीच (स्वतःचे पट्टे असलेली) सीट ठेवा. बूस्टरवरची मुलं वळवळतात.

मेथीची_जुडी: माझा तेव्हा 7 वर्षांचा होता.

मैना_ह्यूस्टन: तुम्हाला नाही, धागाकर्त्याला. आणि आईंच्या गुडघ्यांना मोटरचा काय उपयोग? त्रास गाडीत चढताना होतो. मिनीव्हॅन बुटकी असते. माझ्या सासूबाई एसयूव्हीत चढताना दरवाजा धरून उभ्याच राहायच्या.

डॅलसकर: तेच तर केव्हापासून सांगतोय.

वांगीभात: सगळ्यांचे आभार. टेलुराइडच घेतली, 26,400 ला. बायकोची उंची पाच फूट, तिला उंच बसून चालवायचंय आणि रोज तीच चालवणार. रिकॉलचं काम झाल्याचा डीलरचा कागद बघितला, साइटवरही काही बाकी नाही. इझी एक्झिट बंद केलं. लेकीची हार्नेसची सीट पॅसेंजरच्या मागे लावली, म्हणजे ड्रायव्हरची सीट हलली तरी तिचे पाय मोकळे. आईसाठी घडीचं स्टूल मागवलंय.

डॅलसकर: स्टूल डांबरावर सरकतं. खाली रबर आहे का बघा.