दोन इंजिनांची वेगवान बोट: घेऊन समाधानी आहात का?

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या बार्नेगट बे या खाडीत गेली ९ वर्षं २२ फुटी, एका इंजिनाची बोट चालवतोय. यंदा एक ३० फुटी जुनी बोट बघून ठेवली आहे: खोल व्ही आकाराचा तळ, आत दोन व्ही-८ इंजिनं, मागे दोन आउटड्राइव्ह, म्हणजे बोटीबाहेरचे पंखा फिरवणारे भाग. चाचणीला तिने ताशी ५५ मैल गाठले. माझ्या सध्याच्या बोटीवर ज्या लाटांनी पाठ खिळखिळी होते, त्यांवरून ती कापत गेली. तेव्हापासून झोपताना तेच डोळ्यांसमोर येतं.

विकणारा चांगलंच सांगणार आणि मेकॅनिक खर्चच सांगणार. म्हणून ज्यांनी अशी बोट स्वतः दोन-चार हंगाम सांभाळली आहे त्यांना विचारतो. फायद्या-तोट्यांचा तक्ता नको. जिच्यामुळे बोट घेतल्याचं सार्थक वाटलं अशी एक गोष्ट सांगा, आणि बोट विकून टाकावी असं वाटलं ती एक.

मायामी, फ्लोरिडा

सार्थकाचा दिवस माझ्या बाबतीत भीतीचाही होता. मायामीहून बहामातलं बिमिनी सुमारे ५० मैल. मधे गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह आडवा, दक्षिणेकडून उत्तरेकडे जोरात वाहणारा. उत्तरेचा वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, म्हणून इथे वारा बघितल्याशिवाय कोणी दोर सोडत नाही. आम्ही चांगला दिवस बघून गेलो, दोन दिवस राहिलो, आणि परतताना साधारण अर्ध्या वाटेवर उजव्या इंजिनाचा भोंगा वाजला. तापमानाचा काटा वर चढलेला. बंद केलं. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची पाती तुटली होती. चूक माझीच, ते त्या वर्षी बदलायचं राहून गेलं होतं.

बोटीवर बायको, दोन मुलं आणि सासूबाई. अशी बोट एका इंजिनावर पाण्यावर चढत नाही, म्हणजे पृष्ठभागावरून सरकत पळत नाही, हे नीट समजून घ्या. नाळ वर, मागचा भाग खाली, वेग जेमतेम ७ नॉट, म्हणजे ताशी ८ मैल. डावीकडचंच इंजिन ढकलत असल्यामुळे सुकाणू सतत एका अंगाला धरून ठेवावं लागलं, शिवाय प्रवाह उत्तरेला ओढत होता म्हणून दक्षिणेकडे बराच रोख ठेवावा लागला. साडेतीन तास लागले. सासूबाईंनी सगळा वेळ धाकट्याला मांडीवर घेऊन रामरक्षा म्हटली. इमारती दिसायला लागल्या तेव्हा मी त्या डाव्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला होता. एकच इंजिन असतं तर आम्ही वाहत वाहत कुठे गेलो असतो, हा विचार आजही नकोसा होतो.

विकावीशी वाटली ती पाच वर्षांनी, एक्झॉस्टचं बिल हातात आलं तेव्हा. खारं पाणी मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे लोखंडी भाग, आतून खातं. व्ही-८ ला दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे दोन इंजिनांना चार मॅनिफोल्ड, चार रायझर. 'खर्च दुप्पट' असं लोक म्हणतात, पण त्या दोन इंजिनांच्या फटीत हात घालून काम करायची मजुरी दुपटीहून जास्त होते.

तुम्ही तळाबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो, त्याचं नाव इथल्याच पाण्यात झालं. रे हंट यांनी आखलेल्या खोल व्ही तळाच्या 'मॉपी' या बोटीने १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. रिचर्ड बर्ट्रम यांची ती बोट. त्यानंतर वेगवान बोटींचे तळ बदलले. तुम्हाला चाचणीत जे जाणवलं ते हेच.

डेट्रॉईटजवळ, लेक सेंट क्लेअर

मी पूर्ण समाधानी आहे, आणि त्याचं मोठं कारण गोडं पाणी. वरच्यांनी जे मॅनिफोल्ड पाच वर्षांत बदलले, ते माझ्या बोटीवर १७ वर्षं मूळचेच आहेत. आमचं तळं उथळ, सरासरी खोली ११ फुटांच्या आसपास. त्यामुळे वारा आला की लाटा उंच नसल्या तरी आखूड आणि उभ्या येतात. साध्या तळाच्या बोटीत दात वाजतात, हिच्यात मुलगी पुढच्या केबिनमध्ये झोपते. त्रास पाणवनस्पतींचा. उन्हाळ्याच्या शेवटी त्या पाणी घेण्याच्या तोंडाशी अडकतात आणि एक इंजिन तापायला लागतं. दोन काटे शेजारी-शेजारी असण्याचा फायदा इथे कळतो: एक जरी वेगळा वागला तरी नजर लगेच जाते.

दुःखाचा दिवस मार्चमधला. ऑक्टोबरात बोट बाहेर काढताना इंजिनातलं सगळं पाणी सोडून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं. एका वर्षी मी हे घरीच केलं आणि डाव्या इंजिनाचं एक बूच उघडायचं राहिलं. राहिलेल्या पाण्याचा बर्फ झाला, ब्लॉकला चीर गेली. उजवं नीट झालं म्हणून डावंही झालं असेल असं मी धरून चाललो. दोन इंजिनांचा हा धोका कोणी सांगत नाही: एकाचं काम झालं की दुसऱ्याचंही झालं असं मनाला वाटतं. आता दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या खुणा.

तुमची बोट आधी कुठल्या पाण्यात होती ते विचारा. तळ्यातून आली असेल तर सोनं. मात्र तिचे ॲनोड, म्हणजे बाकीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले आणि स्वतः झिजणारे तुकडे, तपासा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावतात. ते खाऱ्या पाण्यात फार लवकर झिजतात, तिथे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे हवेत.

लाँग आयलंड

आमच्या घरात बोट मी चालवते. सगळ्यात मोठं सुख धक्क्याला लावताना. सुकाणू मधोमध ठेवायचं, एक इंजिन पुढे, एक मागे, आणि बोट जागच्या जागी वळते. एका इंजिनाच्या बोटीत वाऱ्याने ढकलल्यावर माझ्या पोटात गोळा यायचा, तो गेला. नावडतं: उभी असताना ती खूप डोलते. तळ जितका टोकदार तितकं डोलणं जास्त, त्यामुळे नांगर टाकून निवांत जेवणाची कल्पना सोडा.

एक गोष्ट आवर्जून. इंजिनं पोटात असतात, म्हणजे पेट्रोलची वाफही तिथेच साठते. सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालू, आणि मग झाकण उघडून वास घ्यायचा. घाईत असले तरी मी हे सोडत नाही. तुम्हीही सोडू नका.

शिकागो

विकली. तीन हंगाम ठेवली. शेवटच्या वर्षी तासांच्या मीटरवर फक्त १४ तास पडले होते. बोटीत दोष नव्हता. मुलं कॉलेजला गेली, गॅलनला सव्वा मैल देणारी बोट एकट्याने घेऊन जायला हात धजेना, आणि न चालणारी इंजिनं चालणाऱ्यांपेक्षा लवकर बिघडतात. पण तुमच्या घरी मुलं लहान असतील तर आत्ताच घ्या, असंच मी म्हणेन.

मांडवा, अलिबाग

मी मालक नाही, मालकांच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आहे. ते शनिवार-रविवार बसतात, बाकी दिवस बोट माझ्याकडे. त्यांनी सांगितलं म्हणून लिहितो. आमची ३२ फुटी, पण दोन्ही इंजिनं बाहेर, मागे लावलेली. मुंबईच्या गेटवेहून फेरीबोटीला पाऊण-एक तास लागतो, आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत मांडव्याला.

गेल्याच्या गेल्या वर्षी थळच्या बाहेर, खांदेरी बेट समोर दिसत होतं, आणि दोन्ही इंजिनं एकामागोमाग मेली. आधी वाटलं जाळं आलं. जाळं आलं तर काळजी नसते, इंजिन वर उचलायचं, सुरीने कापायचं. पण पंखे मोकळे होते. डिझेल-पेट्रोलची कामं मी पंधरा वर्षं करतोय, फिल्टर काढला तर खाली पाणी. दोन्हींना एकाच टाकीतलं पेट्रोल, म्हणून दोन्ही एकाच वेळी गेली. खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, लागला होता, तो किनाऱ्याकडे ढकलत होता आणि तिकडे खडक. नांगर टाकला, धरला, देवाची कृपा. थळच्याच एका होडीने ओढून आणलं.

मालकांनी नंतर दोन टाक्या वेगळ्या करून घेतल्या, दोन फिल्टर वेगळे. साहेब, इंजिनं दोन घ्याल तर त्यांचं खाणंही वेगळं ठेवा, नाहीतर ती दोन नाहीत, एकच आहे. आणि आठवड्याच्या मधे एकदा तरी सुरू करा, नंतर गोड्या पाण्याने धुवा. पावसात जूनपासून आमची बोट जमिनीवर असते, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात. त्या अडीच महिन्यांतही मी दर बुधवारी पाइप लावून दोन्ही फिरवतो.

न्यू जर्सी, पुन्हा मी

सगळ्यांचं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. टाकीबद्दल मी विचारच केला नव्हता. काल जाऊन पाहिलं: दोन टाक्या आहेत, पण मधला जोडणारा नळ कायम उघडा ठेवलेला.

शनिवारी बोट पाण्याबाहेर काढायला सांगितली आहे. आउटड्राइव्हचा रबरी भाता, ज्याला इथे सगळे बेलोज म्हणतात, कधी बदलला याची पावती मागितली. ती नाही. तो फाटला तर पाणी सरळ बोटीत येतं, म्हणून दोन्ही बेलोज, चारही मॅनिफोल्ड नि रायझर आणि दोन्ही पंप यांचा खर्च धरून नवी किंमत सांगितली आहे. इंजिनं माझ्यासमोर थंड असतानाच सुरू करायची, एवढी अटही घातली आहे. बोट आधी कुठल्या पाण्यात होती तेही कळलं: पहिली ८ वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जमध्ये. ॲनोड कसले आहेत ते शनिवारी बघतो. डेट्रॉईटवाले दादा, तेव्हा फोटो टाकला तर सांगाल ना?