मदत हवी आहे: पीसी टीव्हीला लावला तर चारी बाजूंनी स्क्रीन कापली जातेय

पडवीवाला: अर्जंट आहे. लॅपटॉप बसला म्हणून माळ्यावरचा जुना पीसी काढून पडवीतल्या टीव्हीला लावला, चित्र येतं पण कडा सगळ्या बाहेर. खाली घड्याळात वेळ दिसते, त्याखालची तारीख नाही. वरच्या कोपऱ्यातली फुली अर्धी. बुकिंगचा तक्ता एक्सेलमध्ये आहे त्यातला डावीकडचा खोली नंबरचा बारीक कॉलमच गायब, काल बाबांनी अंदाजाने एका पार्टीला खोली उघडून दिली तर आत आधीच माणसं झोपलेली. शनिवारी सगळं फुल्ल आहे. सेटिंग सगळं करून झालं, लवकर सांगा.

खाडीकाठ: सगळं म्हणजे काय काय? टीव्ही कुठला? वायर एचडीएमआय की निळ्या टोकाची?

पडवीवाला: 32 इंची आहे. वायर साधीच, नेहमीची.

खाडीकाठ: साधी म्हणजे???

पडवीवाला: एचडीएमआय. विंडोज 10.

नेटवाला_कुडाळ: रिझोल्युशन 1280 बाय 720 कर, विषय संपला. आमच्या कॅफेत सगळे टीव्ही असेच चालवले.

पडवीवाला: केलं. अक्षरं म्हशीएवढी झाली आणि कापायचं तेवढंच कापतोय.

बांधावरचा: कापणारच. पीसी पूर्ण चित्र पाठवतोय, कात्री टीव्ही लावतोय. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत व्होल्टेज वरखाली झालं की चित्र फुगायचं-आकसायचं, कडा वेड्यावाकड्या दिसायच्या, म्हणून चित्र मुद्दाम चौकटीबाहेर जाईल एवढं मोठं पाडायचे. ट्यूब गेली, खोड राहिली. दर बाजूला अडीच टक्के धरलंस तर 1080 मधल्या खालच्या 27 ओळी गेल्या, आणि तुझा टास्कबार आहे 40 चा, म्हणून वेळ वाचली आणि तारीख बुडाली. रिमोटवर पिक्चर साइझ किंवा ॲस्पेक्ट दाब, 16:9 वर असेल ते जस्ट स्कॅनवर ने. सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीत फुल पिक्सेल. काही टीव्हींत त्या इनपुटला पीसी असं नाव दिलं तरी कापणं बंद होतं.

झावळी: टीव्हीतून आवाज येत नसेल तर खाली स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून आउटपुट बदला. मला दोन दिवस कळलं नव्हतं.

पडवीवाला: आवाज येतोय.

गाबीत_किनारा: आधी वायरीचा टोक बघ मा रे. खाऱ्या वाऱ्यान सगळा गंजता आमच्याकडे. माझ्या वायरीच्या तोंडाक हिरवा चढलेला. आणि खोबरेल लावू नको, मेव्हण्यान लावलेला.

बांधावरचा: गंजलेल्या वायरीने चित्र जातं-येतं, ठिपके मारतं. फूटपट्टी धरल्यासारखं चारी बाजूंनी कापत नाही.

गाबीत_किनारा: बघूक काय पैसे पडतत?

लिनक्स_एके_लिनक्स: विंडोज काढ. जुना पीसी आहे, लिनक्स मिंट टाक, त्यातल्या एक्सरँडरने हवं तेवढं चित्र आत घेता येतं. एक कमांड.

नेटवाला_कुडाळ: शनिवारी गेस्ट येणार आणि हा त्याला कमांड शिकवतोय. निळी व्हीजीए वायर लाव रे, त्यावर सहसा कापत नाही.

लिनक्स_एके_लिनक्स: मगाशी रिझोल्युशनने विषय संपला होता ना?

चाकरमानी_डोंबिवली: मे महिन्यात चार माणसांना खोली किती? सुरमई थाळी घरची की बाहेरून?

पडवीवाला: घरची, आई करते. रेट खासगी निरोपात कळवतो. ते पिक्चर साइझ बटण माझ्या रिमोटवर नाहीच.

खाडीकाठ: रिमोटचा फोटो टाक.

खाडीकाठ: अरे देवा. हा केबलवाल्याच्या बॉक्सचा रिमोट आहे!!

पडवीवाला: हो मग? टीव्हीचा गेल्या पावसात सेल गळून बाद झाला. ह्याने आवाज कमीजास्त होतो, टीव्ही चालूबंद होतो, अजून काय पाहिजे.

खाडीकाठ: हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. टीव्हीच्या बुडाला नाहीतर पाठी बटणं असतील, मेनू उघडतो का बघ.

पडवीवाला: एकच बटण आहे, चालूबंदचं.

नेटवाला_कुडाळ: मग पीसीतूनच कर. इंटेल ग्राफिक्स असेल तर त्यांच्या कमांड सेंटरमध्ये डिस्प्लेत स्केल असतं, कस्टम घेऊन चित्र आत ओढ. एएमडीला एचडीएमआय स्केलिंगची पट्टी.

बांधावरचा: चालेल, पण ते नाइलाज म्हणून. पीसी चित्र लहान करणार, टीव्ही परत ताणणार, एक्सेलचे आकडे पुसट होणार आणि बाबा 3 ला 8 वाचणार. फोन कुठला आहे? रेडमीच्या बऱ्याच फोनना डोक्यावर काळा ठिपका असतो, तो इन्फ्रारेड आहे, फोनचाच रिमोट होतो.

पडवीवाला: ठिपका आहे!! मला वाटायचं माइक.

पडवीवाला: फोनमधलं रिमोटचं ॲप उघडलं, आमच्या टीव्हीची कंपनी त्याच्या यादीत नाही.

बांधावरचा: दुसऱ्या कंपन्यांचे कोड एकेक करून मार. बिननावाच्या टीव्हींत आतला बोर्ड कुणाचातरी असतोच.

पडवीवाला: झालं!!! अकराव्या कोडला मेनू उघडला. जस्ट स्कॅन नव्हतं, डॉट बाय डॉट होतं, ते घेतल्यावर चारी कडा आल्या. खोली नंबर दिसतायत, बाबा मागे खुर्ची टाकून बसलेत. फक्त तारीख आता दिसतेय ती 1 जानेवारी 2009 आहे. वेळ मीच हाताने लावतो रोज सकाळी, त्यामुळे लक्षातच आलं नाही.

बांधावरचा: मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर 2032, नाण्याएवढा असतो, घड्याळवाल्याकडेही मिळेल.

गाबीत_किनारा: तो पण हिरवो पडलेलो असतलो.

पडवीवाला: उघडला. पडलाय.