आजीच्या संकेश्वरी मिरचीचं बी आहे, रोपं जगवायची कशी?

पाचगावची गच्ची:
नमस्कार मंडळी. माझं आजोळ गडहिंग्लजकडचं, आजी दरवर्षी परड्यात संकेश्वरी लावायची आणि त्यातल्याच चांगल्या लांब मिरच्या बियाला ठेवायची. आजी मागच्या वर्षी गेली. तिच्या डब्यात मूठभर वाळक्या मिरच्या सापडल्या, ते बी मला टिकवायचंय. एप्रिलमध्ये थोडं पेरलं, उगवलं पण छान, पण दोन पानांवर असतानाच रोपं बुडातनं बारीक होऊन आडवी पडली, चार दिवसात सगळी गेली. आता बी थोडंच राहिलंय, हात लावायला भीती वाटतीय. नर्सरीतनं रोप आणा असं सांगू नका प्लीज, मला हेच पायजे.

राजारामपुरी टेरेस:
ताई ही मर आहे, बुरशीनं होतीय. बी चांगलंच आहे तुमचं, उगवलंय म्हणजे प्रश्नच मिटला. माती कुठली घेतलेली आणि पाणी कसं घालत होता?

पाचगावची गच्ची:
शेतातली काळी माती, आणि झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी.

राजारामपुरी टेरेस:
तिथंच घात झाला बघा. काळी माती कुंडीत पाणी धरून बसती, कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. रोपासाठी कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं घ्या, त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा (मर आणणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कागदी कपात अर्धा सेंटिमीटर खोल टाका, कपाला खाली भोक पाहिजेच. 25 ते 30 डिग्रीला आठ-दहा दिवसात वर येतं, तोवर झाकून ठेवलं तर चालतं, पण कोंब दिसला की झाकण काढायचं आणि सकाळचं ऊन द्यायचं. पाणी वरनं नको, कप ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून उचला, मग वरचा थर सुकल्याशिवाय परत नाही. आणि सगळं बी एकदम पेरू नका!! दहा-दहा करा.

कागलचा मळा:
वरचं सगळं बरोबर. वळीव झालाय, आता पेरलं तर जून अखेरीला रोप लावायला येतंय, फक्त आपल्याकडच्या जुलैच्या झडीत कुंड्या पत्र्याखाली घ्या. बारा इंची कुंडीत एकच रोप. पुढं चुरडा-मुरडा येणार हे धरून चाला, फुलकिडे, कोळी, पांढरी माशी ह्यांच्यामुळं पानं आकसतात. पानाच्या खालनं निंबोळी अर्क मारत राहा, आणि एखादं झाड पार आकसून गेलं तर जीव न लावता उपटून टाका, बाकीची वाचतील.
महत्त्वाचं म्हणजे शेजारी लवंगी किंवा ढबू आहे का? मिरचीत मधमाश्यांमुळं संकर होतो, मग पुढच्या वर्षी आजीची मिरची राहत नाही. चांगल्या झाडाच्या दोन-तीन फांद्यांना कळी असतानाच मलमलची पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढा, दोरा बांधून खूण ठेवा. मिरचीचं फूल आपल्याच परागावर फळतं. ती खुणेची मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, बी सावलीत वाळवा. जुनं बी वर्षागणिक कमी उगवतं, त्यामुळं यंदा लावाच.

उचगावकर:
मधेच विचारतो, भूत जोलोकिया मिरचीचं बी पेरून पंधरा दिवस झाले, काहीच नाही. टाकून देऊ का?

राजारामपुरी टेरेस:
अजिबात नको. ती जात वेगळी, तीन-चार आठवडे घेती. ओल आणि ऊब ठेवा.

पाचगावची गच्ची:
लवंगीची एक कुंडी आहे, ती आज खाली अंगणात नेली. दहा बिया भिजत घातल्यात. कागलकर, पिशवी बांधायची वेळ आली की इथंच फोटो टाकते, बघून सांगा.