श्वेत बटू + लाल बटू: सगळ्याच जोड्यांत वेग ८० किमी जादा का येतो?

सराफा_रात्री (इंदूर)
नमस्कार मंडळी. श्वेत बटू (ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) आणि लाल बटू (छोटा, थंड तारा) एकमेकांभोवती फिरतात अशा जोड्यांचे एसडीएसएस या आकाश-सर्वेक्षणातले पाच स्पेक्ट्रम (तरंगलांबीनुसार प्रकाशाचे आलेख) उतरवून घेतलेत. निळ्या बाजूला श्वेत बटूच्या रुंद हायड्रोजन रेषा, लाल बाजूला टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे, जोड्या असल्याबद्दल शंका नाही. लाल बटूचा वेग सोडियमची दुहेरी रेष किती सरकली यावरून काढतोय, तिची मूळ जागा ८१८३.३ आणि ८१९४.८ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) धरून. वेग माहीत असलेला एकटा लाल बटू घेऊन पाहिला, तर उत्तर सेकंदाला ८० किमीच्या वर जादा. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची दुरुस्तीही केली आहे. घोळ कुठे आहे?

मृग_देवास
तुम्ही धरलेले आकडे हवेतले आहेत. एसडीएसएसची तरंगलांबी निर्वातातली असते. ८१८५.५ आणि ८१९७.१ धरा. हायड्रोजनची आल्फा ही रेषसुद्धा ६५६२.८ नव्हे, ६५६४.६. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा साधारण ०.०००२७५ ने जास्त; त्याला प्रकाशवेगाने गुणलं की ८२ किमी. म्हणून कुठलीही रेषा घ्या, चूक तेवढीच.

आणि ती सूर्याभोवतीची दुरुस्ती काढून टाका, स्पेक्ट्रममध्ये ती आधीच केलेली असते. दुसऱ्यांदा केलीत तर ३० किमीपर्यंतची चूक शिरते, तीही तारखेप्रमाणे बदलणारी. वेगवेगळ्या महिन्यांतले स्पेक्ट्रम शेजारी ठेवले की तारा हलतोय असंच वाटणार!

वक्री_बुध
वरचं बरोबर. पण एकत्र केलेला स्पेक्ट्रम वापरताय का? तो सहसा १५-१५ मिनिटांचे तीन किंवा जास्त तुकडे मिळून होतो. एनएन सर्पेंटिससारख्या जोडीची फेरी ३ तास ७ मिनिटांची. पाऊण तासात पाव कक्षा सरते आणि रेष फासली जाते. तुकडे सुटे घ्या. एक पिक्सेल ६९ किमीचा, त्यामुळे नजरेने तळ शोधू नका. दोन गॉसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) बसवा, त्यांच्यातलं अंतर कायम ठेवा, रुंदी दोघांना एकच द्या. ८२०० च्या आसपास आपल्याच हवेतल्या वाफेच्या रेषा आहेत, त्या नीट पुसल्या गेल्या नसतील तर सोडियमची एक बाजू खोल दिसते.

श्वेत बटूच्या रेषांवरून वेग काढायच्या फंदात पडू नका. दाबाने त्या फार पसरलेल्या असतात, शिवाय गुरुत्वीय ताम्रसृतीचे (ताऱ्याच्या गुरुत्वामुळे प्रकाश लालकडे सरकतो त्याचे) २५-३० किमी वेगळेच. त्यांच्यावरून तापमान काढा, मात्र आधी लाल बटूचा नमुना-स्पेक्ट्रम वजा करून. १३,००० केल्व्हिनच्या आसपास रेषा सगळ्यांत ठळक होतात, त्यामुळे गरम आणि थंड अशी दोन उत्तरं मिळतात. कुठलं खरं ते अतिनील प्रकाशमापन सांगतं.

सराफा_रात्री
एकटा लाल बटू जागेवर आला, आभार दादा. आता एका जोडीत आल्फाची उत्सर्जन (उजळ) रेष सोडियमपेक्षा कमी झुलते, म्हणजे तिचा वेग कमी मागेपुढे होतो. दोन्ही रेषा त्याच लाल बटूच्या ना?

मृग_देवास
त्याच ताऱ्याच्या, पण वेगळ्या बाजूंच्या. श्वेत बटू गरम असेल तर समोरचा गाल तापतो. आल्फा तिथून उजळते, आणि तो गाल जोडीच्या गुरुत्वमध्याकडे असल्याने कमी फिरतो. सोडियम त्याच गालावर फिकं पडतं, म्हणून त्याचा झोका खऱ्यापेक्षा मोठा. खरा आकडा दोहोंच्या मध्ये. वस्तुमान काढताना झोक्याचा घन येतो. १० टक्क्यांची चूक तिथे ३३ टक्के होते.

सराफा_रात्री
गच्चीवरून ८ इंची दुर्बिणीने यातलं काही जमेल?

वक्री_बुध
वेग नाही, पण ४० एरिडानी या तीन ताऱ्यांच्या समूहातले बी आणि सी जमतील. बी श्वेत बटू, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ९.५, सी लाल बटू, प्रत ११.२; अंतर ८ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास. डिसेंबरात इंदुरातून दक्षिणेला ६० अंशांपर्यंत चढतात. स्पेक्ट्रम घेणाऱ्या उपकरणाची फट दोघांवरून जाईल अशी फिरवा, की एकाच फ्रेममध्ये दोन पट्ट्या उतरतात. ४.४ प्रतीचा ए ८३ विकलांवर आहे, तो फटीत येऊ देऊ नका.