बारा बोरची काडतुसं डाव्या नळीत बसत नाहीत, पावसाने फुगली असतील का?

भातखाचर (कणकवलीजवळ)
नमस्कार मंडळी. शेती संरक्षणाचा परवाना आहे, वडील गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झालाय. बंदूक बारा बोरची दुनळी, विलायती, आजोबांच्या वेळची. भात पोटरीला आलंय आणि डुकरं रोज रात्री खालच्या खाचरात लोळून जातात, आवाज काढायला तरी बंदूक पाहिजे म्हणून काल काडतुसं घालून बघितली तर उजव्या नळीत कशीबशी गेली पण डाव्या नळीत पितळी बूड नखभर बाहेरच राहतं, अंगठ्याने दाबून पण जात नाही, म्हणजे बंदूक मिटतच नाही. काडतुसं वडिलांनी आणलेली, लाल कागदाची, बुडाला केएफ आहे, दहा-बारा असतील. फडताळात पत्र्याच्या डब्यात होती, पितळेवर हिरवट चढलंय. शेजारचे काका म्हणतात पॉलिश पेपर मार आणि तळहाताने ठोक, जातं. दुसरा एक म्हणतो फोडून दारू-छर्रे काढ आणि नव्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात भर. काय करू?

दुनळीवाला
काकांना नमस्कार सांग आणि ठोकू नको. बुडाच्या मधोमध टोपी असते, ठोका बसला की पेटणारी, तू तिच्यावरच ठोकणार ना? बंदूक जोर लावून मिटवायची पण नाही.
केएफ म्हणजे खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा, माल चांगलाच असतो पण कागदी केसला आपला पाऊस मानवत नाही. मिरगापासून नवरात्रापर्यंत फडताळात ठेवलेलं पापड पण वाकतात, मग कागद फुगणार नाही तर काय. व्हर्नियर असला तर बुडाच्या वर आणि मधे माप घे. बारा बोरचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, बुडाकडे साधारण २०.६ मिमी असतं आणि पुढे निमुळतं होत २०.३ पर्यंत येतं, काडतूस मधे २०.५ भरलं तर ते अडकणारच. आणि चुलीजवळ, उन्हात किंवा ओव्हनमध्ये सुकवायचं डोक्यात असेल तर ते पण काढून टाक.

खारावारा
फुगलंय हे खरं असेल पण मग दोन्ही नळ्यांत सारखंच अडायला पाहिजे ना. उजवीत जातं, डावीत नाही, म्हणजे काडतुसाआधी डाव्या नळीवर संशय घे. बंदूक रिकामी कर, नळ्या काढून उजेडाकडे धर आणि बुडाकडून आत बघ. आणि एक सांग, निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली होतीस का?

भातखाचर
हो, २०२४ ला दोनदा, लोकसभेला आणि मग विधानसभेला, दुसऱ्या वेळी तर ऐन कापणीत. परत आली तेव्हा वरून पुसून घेतली, आत नाही बघितलं 🙈

खारावारा
मग झालं. माझी पण तशीच आली होती, चेंबरमध्ये गंजाचं कडं धरलेलं. काडतुसाची कडा जिथे बसते ती खाच पण बघ, तिथे माती नि जुनं तेल घट्ट होऊन बसतं, पाव मिलिमीटरचा थर असला तरी बंदूक मिटत नाही. खोबरेल लावत असशील तर बंद कर, त्याचा चिकट थर धरतो. हलका गंज असेल तर ब्रॉन्झचा ब्रश, बंदुकीचं तेल आणि मग कोरडं फडकं. ड्रिलला सँडपेपर लावून चेंबर घासायचं नाही, एकदा मोठं झालं की परत लहान होत नाही.

दुनळीवाला
बरोबर, नळीचं माझ्या लक्षात नाही आलं. अजून एक, विलायती जुनी आहे म्हणतोस तर नळ्यांच्या बुडाखालचे शिक्के वाच. चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी असू शकतं आणि आज दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची बहुतेक ७० मिमीची असतात. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ मध्ये आरामात जातं, कारण ते माप बार झाल्यावर तोंड उघडलेल्या केसचं असतं, भरलेलं असताना तोंड दुमडल्यामुळे ते आखूडच दिसतं. बार उडाला की दुमड उलगडायला जागा नाही, आतला दाब वाढतो. तेव्हा नवीन काडतूस सुळकन गेलं म्हणून खूश होऊ नको.

आंबेवाला_राजापूर
घरी भरायच्या भानगडीत पडू नको भावा. आपला परवाना बाळगायचा असतो, काडतुसं बनवायचा नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि दमटलेली दारू किती जोर करेल कोण सांगणार? कमी जोर झाला तर डाट (दारू नि छर्ऱ्यांमधला बोळा) नळीत अडकतो आणि पुढच्या बाराला नळी फाटते. घोडा पडून नुसतं टक झालं तर लगेच बंदूक उघडायची नाही, नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं.
ती दहा-बारा विहिरीत टाकू नको की जाळू नको. मोजून, नोंदवहीसकट ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात दे आणि नोंद करून घे, नाहीतर नूतनीकरणाला हिशोब लागत नाही. आणि डुकरावर प्रत्यक्ष बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी, नुसता परवाना पुरत नाही.

भातखाचर
बघितलं. डाव्या चेंबरमध्ये बुडापासून बोटभर आत तांबूस कडं आहे, खाचेत काळा मळ होता तो लाकडी काडीने काढला. कागदी मोजली, मधे कुठे २०.५, कुठे २०.७, एक तर अंडाकृती झालंय. म्हणजे दोघांचं पण खरं. शिक्क्यांत २½ स्पष्ट दिसतंय, हे तर मला माहीतच नव्हतं, वडील कुठली वापरायचे देव जाणे. काडतुसं सोमवारी जमा करतो. बंदूक कोल्हापूरला कारागिराकडे न्यायची म्हणतोय.

आंबेवाला_राजापूर
न्यायच्या आधी परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते वाच, शेती संरक्षणाचे बरेच तालुका-जिल्ह्यापुरतेच असतात.

भातखाचर
जिल्ह्यापुरताच निघाला, अर्ज देतो. तोवर शेतातल्या माळ्यावर पत्र्याचा डबा नि काठी. काल रात्री डुकरं आमच्यात नाही आली, काकांच्या खाचरात गेली.